भिंतीवरून कागदावर : जितवारपूरच्या सीतादेवी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यवाहबाईंनी मला दिलेला विषय होता 'स्त्रिया आणि चित्रकला'. विषय उत्तम, पण पाऊण तासात तो संपवायचा म्हणजे आगगाडीच्या खिडकीतून गावे दाखवण्यासारखे झाले असते. म्हणून मी त्यातली एकच बाई उचलली आहे. अमृता शेरगिल किंवा आपल्या मुंबईच्या अंबिका धुरंधर यांच्याविषयी कोठे ना कोठे वाचायला मिळते. मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे त्या सीतादेवी बिहारात मधुबनीजवळच्या जितवारपूर नावाच्या खेड्यात राहत. १९१४ साली त्या जन्मल्या आणि २००५ साली वारल्या. कलाशाळेची पायरी त्या विद्यार्थिनी म्हणून कधी चढल्या नाहीत. त्यांची चित्रे अमेरिकेतल्या आणि जपानातल्या संग्रहालयांत आहेत, ही गोष्ट मोठीच. पण त्यांनी आपल्या नावलौकिकाचा उपयोग गावासाठी रस्ता, वीज आणि शाळा मागण्याकडे केला, ही मला त्याहून मोठी वाटते, आणि महिला मंडळाच्या व्यासपीठावरून सांगण्याजोगी तर नक्कीच वाटते.

आधी भिंतीविषयी बोलू. आपल्यातल्या ज्या माझ्या वयाच्या आहेत त्यांना चैत्रांगण आठवत असेल. चैत्र शुद्ध तृतीयेला अंगणात शेण सारवून आई रांगोळीने गौर, झोपाळा, कासव, नाग, शंख, सूर्यचंद्र, तुळशीवृंदावन असे सगळे विश्व काढीत असे, आणि महिनाभर रोज पुसून रोज काढीत असे. नागपंचमीला भिंतीवर किंवा पाटावर गंधाचे नाग, लग्नघरी चौक, दारात सडा-रांगोळी. मी मुलींच्या शाळेत पुष्कळ वर्षे चित्रकला शिकवली, एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांना मुली बसवल्या, पण माझ्या वर्गातल्या एकाही मुलीने 'माझी आई चित्रकार आहे' असे कधी म्हटले नाही. आईने रोज काढले, ती रांगोळी. मुलीने वर्षातून एकदा कागदावर काढले, ते चित्र! हा भेद कोणी केला, कशासाठी केला, याचा विचार करीत बसले की सीतादेवींची आठवण होते.

मिथिला म्हणजे जनकाचा देश, सीतेचे माहेर. तेथील स्त्रिया तांदळाच्या ओल्या पिठाने जमिनीवर जे काढतात त्याला अरिपन म्हणतात. आपली रांगोळी कोरडी, त्यांची ओली, एवढाच काय तो फरक. आणि लग्नघरात नवरानवरीसाठी जी खोली राखतात तिला कोहबर म्हणतात. त्या खोलीच्या भिंतीवर घरातल्या आणि शेजारच्या बायका मिळून कमळाचे बेट, त्याच्या मधून उभा गेलेला वेळूचा दांडा, मासे, पोपट, कासव, नाग, गौरीपूजा असे काढतात. वंश वाढावा, संसार सुखाचा व्हावा, ही त्यातली मागणी. हात सासूचा, सुनेचा, नणंदेचा. खाली कोणाचे नाव नाही, आणि पावसाळा आला की चित्रही नाही. पुढच्या लग्नाला पुन्हा नवे.

१५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात मोठा भूकंप झाला. तेव्हा मधुबनीकडे डब्ल्यू. जी. आर्चर नावाचे इंग्रज अधिकारी होते. नुकसान पाहत ते गावोगाव फिरले, तो घरांच्या भिंती पडलेल्या, आणि आतल्या खोल्या, ज्या परपुरुषाच्या दृष्टीस कधी पडल्या नसत्या, त्या उघड्यावर आलेल्या. त्या भिंतींवरची चित्रे पाहून ते थक्क झाले. त्यांनी छायाचित्रे घेतली आणि पुढे १९४९ साली मुंबईच्या 'मार्ग' त्रैमासिकात त्यांवर लेख लिहिला. म्हणजे पहा, घर पडले तेव्हा बाईचे चित्र जगाला दिसले! सीतादेवी त्या वेळी विशीतल्या होत्या. लेख छापून आला म्हणून गावात कोणाचे काही बदलले नाही. बाहेरच्या विद्वानांना एक नवा विषय मिळाला, इतकेच.

बदलले ते दुष्काळाने. १९६६-६७ साली बिहारात पाऊस दगा देऊन गेला. आपल्याकडचा १९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या अनेकींना आठवत असेल: रोजगाराच्या कामावर खडी फोडणाऱ्या बाया, पोरांच्या हातात सुकडी, आणि रेशनवरचा तो तांबडा मिलो. आपल्याकडच्या बाया निदान घराबाहेर पडून खडी तरी फोडू शकल्या. मिथिलेतल्या ब्राह्मण-कायस्थ घरांतल्या बायकांना पडद्याची चाल. उपासमार झाली तरी मातीची पाटी डोक्यावर घेऊन बाहेर जाता येत नसे. हस्तव्यवसायाच्या सरकारी मंडळाचे काम पाहणाऱ्या पुपुल जयकर यांना तेव्हा एक युक्ती सुचली. या बायका भिंतीवर जे काढतात तेच त्यांनी कागदावर काढावे, आणि सरकारने ते विकत घ्यावे. काम घरात, मजुरी हातात. त्यासाठी कागद देऊन त्यांनी मधुबनीला जो माणूस पाठवला, तो आपला मराठी माणूस होता. मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी. हे नाव आपल्यातल्या कितीजणींनी ऐकले आहे? मागे कोणीतरी हात वर केलेला दिसतो, बरे वाटले.

हे काम दिसते तितके सोपे नव्हते. परगावचा, भाषा न येणारा, एकटा पुरुष दारात येऊन बायकांना 'चित्र काढा' म्हणतो, यात गावाला काय काय वाटले असेल याची आपण कल्पना करू शकतो. कागद दिला तरी काढायचे कोणी? भिंतीवरचे चित्र हे व्रत होते, ते पैशासाठी काढावे की नाही, हाही प्रश्नच. ज्या थोड्या स्त्रिया प्रथम पुढे आल्या, त्यांत सीतादेवी होत्या आणि त्यांच्याच गावच्या जगदंबादेवी होत्या.

येथे जातीविषयी दोन शब्द बोलल्यावाचून पुढे जाणे मला बरोबर वाटत नाही. सीतादेवी महापात्र ब्राह्मण. म्हणजे अंत्यविधी चालवणाऱ्यांच्या घरातल्या. आपल्याकडे किरवंतांना जी वागणूक मिळे तीच तिकडे यांना. मेल्यावर त्यांच्यावाचून कोणाचे चालत नाही, आणि जिवंतपणी मंगलकार्यात त्यांचे तोंड कोणाला नको. ज्या बाईला शेजारच्या ब्राह्मणांनी शुभकार्यातून दूर ठेवले, तिच्याच हातचे राधाकृष्ण पुढे दिल्लीच्या मोठमोठ्या घरांत मानाने टांगले गेले! मला नेहमी वाटते की परक्या माणसाच्या हातचा कागद घ्यायला त्या धजावल्या यालाही हेच एक कारण असावे. ज्यांना गावाने आधीच वेगळे काढलेले, त्यांना गाव काय म्हणेल याची भीती थोडी कमी. अर्थात हा माझा तर्क आहे.

आता त्यांच्या चित्राकडे वळू. मिथिलेच्या चित्रात ढोबळमानाने दोन पद्धती सांगतात. एक कचनी, म्हणजे बारीक रेघांनी चित्र भरायचे; ही विशेषतः कायस्थ स्त्रियांची. दुसरी भरनी, म्हणजे रेघेने आकार काढून तो रंगाने भरायचा. ही ब्राह्मण घरांतली. सीतादेवी भरनीतल्या. बांबूच्या काडीला टोकाशी कापूस किंवा चिंधी गुंडाळून कुंचला करायचा. काजळीचा काळा, हळदीचा पिवळा, नीळ, पळसाच्या फुलांचा केशरी, पानांचा हिरवा, तांदळाच्या पिठीचा पांढरा, आणि रंग धरावा म्हणून डिंक. आपल्या स्वयंपाकघरात आणि परसात जे असते त्याच्या पलीकडे काही नाही.

पण तेच रंग दुसरीने वापरले तर सीतादेवींचे चित्र होत नाही. त्यांच्या आकृती उंच, सडपातळ, एका जागी ठाम उभ्या. चेहरा एका बाजूने दाखवलेला, आणि त्यात डोळा मात्र समोरून, भला मोठा, उघडा. त्यांचा कृष्ण आणि त्यांची राधा यांच्याभोवती फुलापानांची गर्दी असते, पण ती गर्दी अंगावर येत नाही. पिवळा आणि केशरी रंग असे मोकळे सोडलेले असतात की चित्रात ऊन पडल्यासारखे वाटते. मी विद्यार्थिनींना सांगत असे की, रंग भरणे सर्वांना येते, रंग कोठे भरू नये हे फार थोड्यांना येते. सीतादेवींना ते येत होते. पेन्सिलीने आखून, खोडून, पुन्हा आखून काढणे भिंतीवर चालत नाही. तेथे हात एकदा उठला की उठला. भिंतीवरचा तो निर्धार त्यांनी कागदावर जसाच्या तसा आणला, आणि नुसत्या नाजूक चित्रांत जो खोटेपणा येतो तो त्यांच्या चित्रांत म्हणून आला नाही.

सन्मान मी भरभर सांगून टाकते. बिहार सरकारने १९६९ साली गौरव केला, १९७५ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८१ साली पद्मश्री. त्याच गावच्या जगदंबादेवींना ती १९७५ सालीच मिळाली होती, आणि बौआदेवींना २०१७ साली मिळाली. एका खेड्यात तीन पद्मश्री, तिन्ही बायकांना! सीतादेवी परदेशीही जाऊन आल्या. अमेरिकेत जे पाहिले तेही त्यांनी आपल्याच रेघेत काढले. न्यूयॉर्कच्या त्या जुळ्या मनोऱ्यांची इमारत, जी २००१ साली पडली, तीही त्यांच्या चित्रात आहे. कमळे आणि वेळू काढणाऱ्या हाताला गगनचुंबी इमारतही परकी वाटली नाही, कारण उभा वेळू कसा काढायचा हे त्या हाताला आधीपासून ठाऊक होते. जपानात निगाता भागात तर १९८२ साली मिथिला चित्रांचे स्वतंत्र संग्रहालयच उभे राहिले.

आता ज्यासाठी मी सीतादेवींना निवडले त्या गोष्टीकडे येते. एकदा नाव झाले की दिल्लीचे दरवाजे उघडतात. मंत्री भेटतात, फोटो निघतात, 'काय पाहिजे?' असे विचारले जाते. आपल्याकडचे कलावंत अशा वेळी काय मागतात ते आपण पाहतो: घरासाठी जागा, मानधन, समितीवर नेमणूक. त्यात वाईट काही नाही. कलावंतालाही पोट आहे. पण सीतादेवी ज्या गावातून निघाल्या तेथे पावसाळ्यात चिखलातून वाट काढावी लागे, रात्री कंदील. त्यांनी आपली ओळख गावाच्या कामी लावली. रस्ता व्हावा, वीज यावी, मुलांच्या शिक्षणाची सोय व्हावी म्हणून त्या सरकारदरबारी खटपट करीत राहिल्या. त्यांना शाळेत जाता आले नव्हते. शाळा मागताना त्यांच्या मनात काय असेल ते निराळे सांगायला नको.

आणि चित्र काढायला शिकवले, गावातल्या कोणालाही. हजारावर माणसांना त्यांनी शिकवले असे सांगतात. जी विद्या आपल्या एकटीच्या हाती राहिली असती तर तिला भाव जास्त आला असता, ती वाटून टाकणे, हे मला साधे वाटत नाही. आपल्यातल्या पापडाच्या प्रमाणाची चिठ्ठी लपवणाऱ्या भगिनींनी माफ करावे! पण विनोद सोडला तर प्रश्न खरा आहे. एकीचे चित्र महाग विकले गेले तर एक घर सुधारते. शंभरजणी काढू लागल्या तर सावकाराकडे जाणारी पावले थांबतात, सुनेच्या हातात स्वतःचे चार पैसे येतात, आणि जिच्या हातात चार पैसे असतात तिला घरात विचारले जाते. सीतादेवींनी हे पुस्तकातून वाचले नव्हते.

कोणी म्हणेल, चित्रकाराने चित्र काढावे, रस्त्याची उठाठेव कशाला? हा आक्षेप मी शहाण्या माणसांच्या तोंडून ऐकला आहे. त्यांना मी एवढेच विचारते की, मिथिलेचे चित्र मुळात कशासाठी काढले जात होते? लेकीचा संसार सुखाचा व्हावा म्हणून. लेकीच्या सुखासाठी भिंत रंगवणारीनेच तिच्यासाठी शाळा मागितली, तर तिने आपले काम सोडले असे म्हणायचे, की तेच पुढे चालवले असे म्हणायचे?

अर्थात सारे गोड झाले असे नाही. मागणी वाढली तसे व्यापारी आले. एकच कृष्ण पन्नासदा काढून द्या, उद्यापर्यंत द्या, स्वस्त द्या. चित्र गावातून कवडीमोलाने जाई आणि शहरात त्याचे मोल कितीतरी पट होई. मधला पैसा कोणाचा हे सांगायला नको. १९७७ साली जितवारपुरात कलावंतांची स्वतःची एक संघटना उभी राहिली. तिला रेमंड ओवेन्स या अमेरिकी अभ्यासकाचा हातभार होता. ते चित्रे रास्त भावाने घेत, अमेरिकेत विकत, आणि नफा पुन्हा चित्र काढणारीकडे पोचवीत. सरकारी खात्यांना जे जमले नाही ते एका परक्या माणसाने करून दाखवले, याचे कौतुक करावे की खंत, मला समजत नाही.

आणि वाट एकदा मोकळी झाली म्हणजे ती ज्यांच्यासाठी झाली नव्हती तेही तिच्यावरून चालू लागतात. जितवारपूरच्या दलित स्त्रियांनी सत्तरीच्या दशकात कुंचला हाती घेतला. त्यांनी देवदेवता उच्चवर्णीयांच्या उचलल्या नाहीत. त्यांनी आपला राजा सलहेस काढला. अंगावरच्या गोंदणाच्या नक्षीवरून चानोदेवींनी नवी रीत बसवली, जमुनादेवींनी शेणाचे पाणी कागदाला देऊन मातीच्या भिंतीचा रंग आणला. आज ज्याला सगळे 'मधुबनी' म्हणतात, त्यात या स्त्रियांचा वाटा मोठा आहे.

गंगादेवींचे नाव घेतल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. त्या कचनीतल्या, १९२८ ते १९९१ हा त्यांचा काळ. मूल नाही म्हणून नवऱ्याने दुसरी केली. त्या बाईने माणसाच्या जन्मापासूनचे सगळे संस्कार चित्रांत मांडले, आणि शेवटी कर्करोग झाला तेव्हा दिल्लीच्या रुग्णालयातली खाट, डॉक्टर, सुया हेही त्याच बारीक रेघांत काढले. दिल्लीच्या हस्तकला संग्रहालयात त्यांनी आजारपणातच एक अख्खे कोहबर रंगवले होते. नूतनीकरणाच्या कामात, २०१५ च्या सुमारास, त्या भिंती गेल्या. भूकंपाने भिंती पाडल्या तेव्हा चित्रे दिसली होती. येथे सरकारी दुरुस्तीने ती पुसली. सीतादेवींचे कागद निदान कपाटांत शाबूत आहेत. म्हणून भिंतीवरून कागदावर येण्याला केवळ पैशाचीच बाजू नव्हती, हे ध्यानात घ्या.

आता आपल्या घरची एक गोष्ट. मिथिलेहून परतल्यावर भास्कर कुलकर्णी आपल्या डहाणूकडच्या वारली पाड्यांतही गेले. जिव्या सोमा म्हसे यांचे नाव त्यातून जगभर गेले, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते वारले. फार मोठा चित्रकार, त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. पण वारली घरांत लग्नाचा चौक काढत कोण? सवाशिणी. तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक त्या काढीत आणि धवलेरी गाणे म्हणून लग्न लावी. कागद आला तेव्हा मात्र पुढे झाले ते बहुतेक पुरुष. मधुबनीत कागदावर बायकांची नावे आली, आपल्याकडे ती भिंतीवरच राहिली. माणूस तोच, कागद तोच. मग असे का झाले? मला याचे पक्के उत्तर देता येत नाही. मधुबनीत पुरुषाला भिंतीपाशी जागाच नव्हती आणि वारली पाड्यात ती होती, हे एक. पण जितवारपुरात पहिल्याच वर्षी कागद घेऊन बसणाऱ्या सीतादेवी आणि जगदंबादेवी होत्या आणि त्यांनी मागे सरून आपली जागा घरातल्या पुरुषाला दिली नाही, हे दुसरे. आणि ते मला जास्त मोलाचे वाटते.

जाता जाता मंडळाच्या कामाविषयी एक सूचना, रागावू नका. मागच्या दिवाळीच्या विक्रीत 'मधुबनी' म्हणून ज्या कापडी पिशव्या एका व्यापाऱ्याने आपल्या टेबलावर ठेवल्या होत्या त्या यंत्रावर छापलेल्या होत्या. मासे आहेत, मोर आहे, पण हात नाही. मधुबनी चित्रांना २००७ सालापासून भौगोलिक ओळखीचे कायदेशीर संरक्षण आहे. कायदा आपल्या टेबलापर्यंत येत नाही, ते आपणच पाहायला हवे. यंदा टेबल मांडाल तेव्हा हाताने काढलेलेच घ्या, थोडे घ्या, आणि प्रत्येक वस्तूबरोबर काढणारीच्या नावाची चिठ्ठी लावा. आपल्याच सभासद भगिनींच्या भरतकामालाही लावा. गेल्या स्मरणिकेत 'सुंदर विणकाम सभासदांनी केले' असे छापले आहे. कोणत्या सभासदांनी, ते छापायला अर्धी ओळ लागली असती.

माझा वेळ संपत आला आहे, घंटेकडे कार्यवाहबाईंचा हात गेलेला मला दिसतो. सीतादेवींच्या, गंगादेवींच्या आणि जमुनादेवींच्या चित्रांच्या काही छापील प्रती मी आणल्या आहेत, त्या खिडकीजवळच्या टेबलावर मांडल्या आहेत. सीतादेवींची राधा डावीकडून दुसरी. आधी तिचा डोळा पहा, मग पिवळा रंग. चहा झाल्यावर हात पुसून या म्हणजे झाले.